न फोडता केलेली पारख

सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजार ज्याने पाहिला असेल, त्याला तेथील व्यवहाराची रीत नवलाची वाटल्यावाचून राहत नाही. लाखो रुपयांचा माल कागदाच्या लहानशा पुडीतून भर रस्त्यावर एका हातातून दुसऱ्या हातात जातो. पुडी उघडते, पारखी डोळ्याला भिंग लावतो, चिमट्याने खडा उचलून उजेडात फिरवतो आणि भाव बोलतो. हिरा अस्सल आहे की नाही, त्यात डाग आहे की नाही, हे त्याला काही क्षणांत कळते; आणि त्यासाठी हिरा फोडावा लागत नाही. फोडून पारख करायची म्हटली तर विकायला उरणार तरी काय?

भाव ठरला की दलाल मोबाइल काढतो आणि मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी धाडतो. उधना किंवा लिंबायत भागातील एखाद्या खानदेशी कुटुंबाने गावाकडच्या आईवडिलांना धाडलेली खुशालीही त्याच वाटेने जाते. २०१६ सालच्या एप्रिलपासून हे सर्व संदेश कुलूपबंद होऊन जातात. वाटेत कोणी ते पकडले तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग पडतो. या कुलपाच्या मुळाशी एक ७७ अंकी संख्या आहे. ती अशी:

५७८९६ ०४४६१ ८६५८० ९७७११ ७८५४९ २५०४३ ४३९५३ ९२६६३ ४९९२३ ३२८२० २८२०१ ९७२८७ ९२००३ ९५६५६ ४८१९९ ४९

वाचायला सोपे जावे म्हणून येथे अंक पाच-पाचांच्या गटांनी मांडले आहेत. थोडक्यात सांगायचे तर ही संख्या म्हणजे २ चा २५५ वा घात वजा १९. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती या कामासाठी सुचवली. ही संख्या मूळ आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही पूर्ण संख्येने तिला भाग जात नाही. ती मूळ नसती तर हे कुलूप कुचकामाचे ठरले असते. मग ती मूळ आहे हे कशावरून?

आधी कुलपाचे मर्म पाहावे. त्यासाठी बाक्यांचे गणित ठाऊक असले पाहिजे. घड्याळात दहानंतर पाच तासांनी पंधरा न वाजता तीन वाजतात, कारण बारा वजा करून उरलेली बाकीच तेवढी धरली जाते. तसेच ३१ ही लहान मूळ संख्या घेऊन प्रत्येक गुणाकाराला ३१ ने भागावे आणि बाकी तेवढी ठेवावी. सुरतेचा दलाल आणि मुंबईचा व्यापारी यांनी ३ हा आकडा उघडपणे ठरवला आहे. दलाल मनात ४ हा अंक धरतो, ३ चा चौथा घात ८१ काढतो आणि त्याची बाकी १९ मुंबईस कळवतो. व्यापारी मनात ७ धरतो; ३ चा सातवा घात २१८७, त्याची बाकी १७, ती तो सुरतेस कळवतो. आता दलाल आलेल्या १७ चा चौथा घात काढतो, व्यापारी आलेल्या १९ चा सातवा. दोघांचीही बाकी ७ येते. हा ७ त्यांच्या कुलपाची किल्ली झाला, आणि तो वाटेने कधी गेलाच नाही. वाटेवर कान लावून बसलेल्या माणसाने ३१, ३, १९ आणि १७ हे चारही आकडे ऐकले असले तरी किल्ली मिळवण्यासाठी त्याला ३ चा कितवा घात १९ बाकी देतो हे हुडकावे लागेल. ३१ च्या बाबतीत ते मिनिटभराचे काम आहे, ७७ अंकी संख्येच्या बाबतीत ते कोणाच्याही आवाक्यात नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे मांडली. व्हॉट्सअॅपच्या कुलपात साध्या घातांऐवजी एका वक्रावरील बिंदूंची बेरीज पुनःपुन्हा केली जाते. परंतु त्या बिंदूंचे सारे आकडे वरच्या संख्येच्या बाक्यांतच मोजले जातात.

येथे मूळ संख्याच का लागते, हे ३० आणि ३१ शेजारी ठेवले की कळते. ३० च्या बाक्यांत ५ आणि ६ यांचा गुणाकार शून्य होतो. दोन शून्येतर संख्या एकमेकींना भेटून नाहीशा होतात. जिथे असे होते तिथे भागाकाराचा भरवसा राहत नाही, आणि मोठे कोडे लहान लहान तुकड्यांत फोडता येते. ३१ च्या बाक्यांत असे कधीच घडत नाही. तिथे शून्य सोडून प्रत्येक संख्येला एक जोडीदार असतो आणि त्या दोघांचा गुणाकार १ येतो: २ चा जोडीदार १६, ३ चा २१, ५ चा २५. याच गुणामुळे मूळ संख्येच्या बाक्यांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार ही चारही कृत्ये बिनधोक करता येतात.

शाळेत मूळ संख्या ओळखण्याची जी रीत शिकवतात ती अशी की संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे. कोणानेच भाग गेला नाही तर संख्या मूळ. रीत अचूक आहे, पण ७७ अंकी संख्येपुढे ती लंगडी पडते. तिचे वर्गमूळ ३९ अंकी आहे. एखाद्या यंत्राने दर सेकंदाला एक लाख कोटी मूळ संख्यांनी भागून पाहण्याचा सपाटा लावला तरी ते काम संपेपर्यंत विश्वाच्या आजच्या वयाच्या लक्षावधी पट काळ लोटेल. अर्थात ही संख्या मूळ आहे असे जो म्हणतो, त्याने ती या रीतीने तपासलेली नाही. त्याने ती न फोडता पारखली आहे. ही पारख माणसाला कशी साधली, त्याचा इतिहास सुमारे पावणेचारशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या आरंभापासून सुरतेपर्यंत एक बारीकसा धागाही येतो.

पॅरिसमध्ये मिनिम या कॅथलिक संघातील मारँ मेर्सेन नावाचे एक पाद्री होते. जन्म १५८८ चा, मृत्यू १६४८ चा. गणिताची नियतकालिके नसलेल्या त्या काळात युरोपातील विद्वानांची पत्रे त्यांच्या मठात येत आणि तेथून इतरांकडे जात. देकार्त, फेर्मा, पास्काल हे सारे या पत्रव्यवहारात होते. तत्त्वज्ञ गासँदी हा मेर्सेन यांचा जिवलग मित्र, आणि गासँदीचा शिष्य फ्रांस्वा बर्निये. हाच तो बर्निये, जो १६५८-५९ च्या सुमारास सुरतेच्या बंदरात उतरला आणि ज्याचे मोगल दरबाराचे वर्णन इतिहासाचे अभ्यासक आजही वाचतात. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तेथील कॅपुचिन पाद्री आंब्रोज यांच्या घराला त्यांनी धक्का लावू दिला नाही, ही नोंदही बर्नियेचीच. मराठी वाचकाला सुरतेची ती लूट ठाऊक असते. तिची हकीकत लिहून ठेवणारा माणूस मेर्सेन यांच्याच मित्रमंडळातून आला होता, हे सहसा ठाऊक नसते.

मेर्सेन यांनी १६४४ साली एका ग्रंथात एक यादी दिली. ती समजण्यास बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट पुरेशी आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत गेले तर सात घरांत मिळून १२७ दाणे होतात, म्हणजे २ चा सातवा घात वजा १. १२७ ही मूळ संख्या आहे. चौसष्ट घरांची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५. तिच्या शेवटी ५ आहे, म्हणून ती मूळ नाही हे लहान मूलही सांगेल. कितव्या घरापर्यंतची बेरीज मूळ संख्या होते, हा प्रश्न मेर्सेन यांनी पुढे ठेवला. घराचा क्रमांक मूळ नसेल तर बेरीज मूळ असू शकत नाही, हे सिद्ध करणे सोपे आहे. परंतु क्रमांक मूळ असला म्हणजे बेरीज मूळ होतेच असेही नाही: अकरा घरांची बेरीज २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. मेर्सेन यांनी २५७ पर्यंतच्या क्रमांकांतून २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढे निवडले. त्यांपैकी ६७ आणि २५७ चुकीचे ठरले. ६१, ८९ आणि १०७ यादीतून सुटले होते. पण त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही पुरणार नाही, असे त्यांनीच त्या ग्रंथात लिहून ठेवले होते. अशा संख्यांना आज मेर्सेन संख्या म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या त्यांतील मूळ संख्येचा घातांक १३६२७९८४१ असून तिच्यात चार कोटींहून अधिक अंक आहेत.

या संख्या गणकयंत्राच्या द्विमान पद्धतीत लिहिल्या तर सर्व अंक १ च येतात. दशमान पद्धतीतही नुसत्या १ च्या रांगांचा नाद महाराष्ट्रातील एका शाळाशिक्षकाला लागला होता. डहाणूस जन्मलेले, देवळालीच्या शाळेत आयुष्य घालवलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १११ चा वर्ग १२३२१ अशा प्रकारच्या संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव देऊन त्यांचा अभ्यास केला. दोन एककांची ११ ही मूळ संख्या आहे. त्यापुढची मूळ संख्या येण्यास एकोणीस एकक लिहावे लागतात आणि त्यानंतरची तेवीस एककांची. मधल्या साऱ्या रांगा फुटतात. पगारातून पैसे वाचवून स्वतःच्या पुस्तिका छापणारे कापरेकर हयातीत उपेक्षिलेच गेले. आज त्यांचे नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे.

न फोडता पारख करण्याचे पहिले साधन पिएर द फेर्मा याने दिले. तो धंद्याने न्यायाधीश, गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. १६४० सालच्या एका पत्रात त्याने कळवले की मूळ संख्या घेतली आणि तिने भाग न जाणारी कोणतीही संख्या तिच्याहून एक कमी इतक्या घाताला चढवली, तर बाकी नेहमी १ राहते. ७ साठी २ चा सहावा घात ६४, त्याची बाकी १. ११ साठी २ चा दहावा घात १०२४, त्याचीही बाकी १. आता ९ घ्यावी: २ चा आठवा घात २५६, त्याला ९ ने भागले तर बाकी ४ राहते. म्हणून ९ मूळ नाही. ९ म्हणजे तीन त्रिक नऊ, हे येथे कोठेही वापरलेले नाही. अवयव न पाहताच संख्या संयुक्त ठरली.

घात मोठा असला तरी भिण्याचे कारण नाही. वर्ग करावा, बाकी घ्यावी, पुन्हा वर्ग करावा, असे करीत गेले की घात दर पायरीला दुप्पट होतो. ७७ अंकी संख्येसाठी शेकड्यांत मोजता येतील इतकेच गुणाकार पुरतात, आणि खिशातले यंत्र ते पापणी लवण्यापूर्वी आटोपते. कोठे विश्वाच्या वयाच्या लक्षावधी पट काळ आणि कोठे हे!

परंतु फेर्माच्या परीक्षेत एक खोट आहे. ३४१ ही संख्या ११ आणि ३१ यांचा गुणाकार. १०२४ म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक १. म्हणून २ चा दहावा घात ३४१ च्या बाक्यांत १ च, आणि त्यामुळे ३४० वा घातही १. म्हणजे ३४१ ही खोटी असून परीक्षेत उतरते. २ ऐवजी ३ घेतले तर तिचे सोंग उघडे पडते. पण ५६१ सारख्या काही संख्या अशा बेरकी आहेत की ज्यांच्याशी त्यांचा एकही समान अवयव नाही अशी कोणतीही संख्या घेतली तरी त्या परीक्षेत उतरतातच. काचेचा खडा भिंगाखाली हिऱ्यासारखा दिसावा त्यातलाच हा प्रकार. मिलर आणि रॅबिन यांनी १९७६ ते १९८० च्या दरम्यान ही परीक्षा इतकी कडक केली की प्रत्येक फेरीत खोटी संख्या निसटण्याचा संभव फार तर चारात एक राहिला. चाळीस फेऱ्या केल्या की शंका जवळजवळ संपते. जवळजवळ हा शब्द व्यवहाराला चालतो. गणिताला तो सोसवत नाही.

मेर्सेन संख्यांपुरती निःशंक परीक्षा १८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने काढली, आणि तिला आजचे सुटसुटीत रूप १९३० साली अमेरिकेच्या लेहमरने दिले. ती कोणालाही कागदावर करून पाहता येईल. ४ पासून आरंभ करावा, वर्ग करून २ वजा करावे, बाकी घ्यावी, पुन्हा तेच. घरे जितकी असतील त्याहून दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. १२७ साठी सात घरे, म्हणून पाच पायऱ्या. ४ पासून १४. १४ पासून १९४, त्याची बाकी ६७. ६७ पासून ४४८७, बाकी ४२. ४२ पासून १७६२, बाकी १११. १११ पासून १२३१९, आणि ते १२७ गुणिले ९७ बरोबर भरते. बाकी शून्य. हीच कृती २०४७ साठी नऊ पायऱ्या केली तर अखेरीस १७३६ उरतात, म्हणून २०४७ संयुक्त. ल्युकाने आपल्या पद्धतीने १२७ घरांची बेरीज हातानेच तपासली आणि १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ ठरवली. १९५१ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, याहून मोठी मूळ संख्या कोणाला सिद्ध करता आली नाही.

त्याच वर्षी ल्युकाने दुसराही निकाल दिला: मेर्सेन यांच्या यादीतील ६७ घरांची बेरीज मूळ नाही. मग तिचे अवयव कोणते? ते त्याला सांगता येईनात. संख्या फुटते हे निश्चित आणि कोठे फुटते ते अज्ञात, अशा चमत्कारिक स्थितीत ती सत्तावीस वर्षे राहिली. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणितसंस्थेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. एक शब्दही न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात काढला आणि त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ मांडून त्यांचा गुणाकार केला. दोन्हीकडे एकच उत्तर आले: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. हे अवयव हुडकण्यास तीन वर्षांतले रविवार लागले, असे त्यांनी पुढे सांगितल्याचे म्हणतात.

गुणाकार करायला एक तास आणि तो फोडायला तीन वर्षे. या अंतरावरच रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली दुसऱ्या प्रकारचे कुलूप बांधले. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्तपणे निवडायच्या आणि त्यांचा गुणाकार तेवढा जाहीर करायचा. कंपन्यांच्या कागदपत्रांवर जी डिजिटल सही उमटते तिच्यामागे ६१७ अंकी असा गुणाकार असण्याची पद्धत रूढ आहे. २०२० साली संशोधकांनी अशी एक २५० अंकी संख्या फोडून दाखवली. यंत्राच्या एकाच गणकगाभ्याला (कोअरला) त्या कामास सुमारे २७०० वर्षे लागली असती. सुरतेच्या कापडबाजारातील पेढ्यांच्या विवरणपत्रांची सुरक्षितता अशा रीतीने कोल यांच्या रविवारांशी जोडली गेली आहे.

ल्युकाची परीक्षा मेर्सेन संख्यांपुरती होती. कोणतीही संख्या दिली तरी झटपट आणि निःशंक निकाल देणारी रीत आहे का, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेतून आले. मणींद्र अग्रवाल हे अध्यापक, आणि नीरज कयाल व नितीन सक्सेना हे त्यांचे त्याच वर्षी पदवी घेतलेले दोन विद्यार्थी. त्यांच्या युक्तीचे बीज प्रत्येक शाळकरी मुलाने पाहिलेले असते. कंसातील दोन पदांच्या बेरजेचा घात उलगडला की जे सहगुणक येतात, ते पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील हलायुधाच्या टीकेत मेरुप्रस्तार या नावाने येतात. सातव्या घाताचे सहगुणक १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १; दोन टोके सोडली तर सर्वांना ७ ने भाग जातो. सहाव्या घाताचे १, ६, १५, २०, १५, ६, १; यांत १५ आणि २० यांना ६ ने भाग जात नाही. घात मूळ असेल तरच मधले सारे सहगुणक शून्य बाकी देतात. हा नियम जुनाच. पण मोठ्या संख्येच्या ओळीत इतके सहगुणक असतात की ते तपासणे हे शाळेच्या रीतीहूनही लांबणीचे. कानपूरच्या त्रयीने ही ओळ एका लहान मापाने दुमडून घेतली आणि दुमडल्यावरही नियम खोटी संख्या पकडतोच हे सिद्ध केले. २००४ साली हा निबंध जगातील अग्रगण्य गणितपत्रिकेत छापला गेला, आणि २००६ साली त्याला गडेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात मात्र ही रीत कोणी वापरत नाही, कारण इतर रीती तिच्याहून वेगवान आहेत. तिचे मोल वेगळे आहे: मूळ संख्येची पारख नशिबावर न विसंबता आणि कोणतेही सिद्ध न झालेले गृहीत न धरता वेगाने करता येते, हे तिने पहिल्यांदा दाखवून दिले.

आता पुन्हा त्या ७७ अंकी संख्येकडे वळावे. १९ च का वजा केले? यंत्राला २ च्या घाताजवळची संख्या सोयीची असते. २५५ घरांबाहेर जे सांडेल त्याला १९ ने गुणून पुन्हा आत मिळवले की बाकी निघते, भागाकार करावाच लागत नाही. म्हणून २ च्या २५५ व्या घाताखालची सर्वांत जवळची मूळ संख्या हवी होती. सम संख्या वजा केली तर उत्तर सम, ते बाद. विषम संख्यांपैकी बहुतेकांचा निकाल कागद-पेन्सिलीने लागतो. २ च्या घातांना ७ ने भागले तर बाक्या २, ४, १ अशा फिरत राहतात. २५५ ला ३ ने भाग जातो म्हणून २५५ व्या घाताची बाकी १. तेव्हा १ किंवा १५ वजा केले तर उरलेल्या संख्येला ७ ने भाग जातो. याच रीतीने ५, ११ आणि १७ वजा केले तर ३ ने, ३ आणि १३ वजा केले तर ५ ने, ९ वजा केले तर १७ ने. उरले एकटे ७. ते वजा करून येणाऱ्या संख्येला पन्नासच्या आतील एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. तिला बाद करायला वरच्यासारखी खरी परीक्षाच लागते. आणि मग १९ ला मूळ संख्या हाती येते. तिच्या अंकांची बेरीज ३७६ आहे, म्हणून ३ ने भाग जात नाही, एवढे तरी कोणीही ताडून पाहावे.

तिच्या मूळपणाचे प्रमाणपत्रही आहे, आणि ते ज्याला हवे त्याने तपासावे असे आहे. अशा प्रमाणपत्राची रीत १९७५ साली वॉन प्रॅट यांनी सांगितली. ३१ चे प्रमाणपत्र पाहावे. ३१ हून एक कमी ३०, त्याचे मूळ अवयव २, ३ आणि ५. वर ज्या ३ ने किल्ली बनवली त्याचा ३० वा घात १ बाकी देतो; परंतु ३० ला या अवयवांनी भागून येणारे १५ वा, १० वा आणि ६ वा हे घात अनुक्रमे ३०, २५ आणि १६ बाक्या देतात, एकही १ नाही. असे घडले की ३१ मूळच असली पाहिजे, दुसरी गत नाही. ७७ अंकी संख्येहून एक कमी असलेल्या संख्येचे अवयव आहेत दोन वेळा २, एकदा ३, एकदा ६५१४७ आणि एक ७१ अंकी मूळ संख्या. ती ७१ अंकी संख्या मूळ कशावरून? तिच्याहून एक कमी असलेल्या संख्येचे अवयव पाहावेत. असे वंशावळीसारखे खाली उतरत गेले की अखेर पाढ्यांतल्या संख्या लागतात आणि शंका संपते.

कुलपाला मात्र वय असते. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवले की पुंज यांत्रिकीवर चालणारे मोठे गणकयंत्र बांधता आले तर वर सांगितलेली दोन्ही प्रकारची कुलपे उघडतील. असे यंत्र बांधण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत, आणि त्याला पुरून उरतील अशा नव्या रीती अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने २०२४ च्या ऑगस्टात प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी किल्ली ठरवण्याच्या रीतीतही बाक्यांचे गणित आहे आणि तिलाही एक मूळ संख्या लागते. ती संख्या ३३२९ आहे. तिचे वर्गमूळ ५८ हून थोडे कमी. तेव्हा ५३ पर्यंतच्या सोळा मूळ संख्यांनी भागून पाहिले की ती मूळ आहे हे पाटीवरही सिद्ध होते.